पाणी वाचवणारा कायदा आणि नोव्हेंबरमधला धूर

नियम का करतात, असे वर्गात विचारले तर मुले चटकन उत्तर देतात, "वाईट गोष्ट थांबावी म्हणून." मग नियम केल्यावर ती गोष्ट थांबते का, असा पुढचा प्रश्न विचारला, की मुले एकमेकांकडे पाहून हसू लागतात. नियम आणि त्याचा परिणाम यांचे नाते सरळ नसते, हे मुलांना अनुभवाने ठाऊक असते. मोठ्या माणसांना, विशेषतः नियम करणाऱ्यांना, ते अनेकदा विसरायला होते.

नियम मोडला गेला आणि म्हणून तो फसला, ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. या लेखात आम्हाला वेगळ्याच प्रकाराविषयी लिहायचे आहे. काही वेळा नियम चांगल्या हेतूने केला जातो, त्यामागचे विज्ञानही बरोबर असते, बहुतेक लोक तो पाळतातही, आणि नेमका तो पाळला गेल्यामुळेच दुसरीकडे नवे संकट उभे राहते. याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. त्यात भूजल, बाष्पीभवन, पिकांचे वेळापत्रक, हवेचे थर आणि उपग्रह असे शाळेच्या अभ्यासक्रमातील कितीतरी विषय एकत्र येतात, म्हणून ते जरा सविस्तर पाहू या.

पंजाबात भात कसा आला?

पंजाब हा मूळचा भाताचा प्रदेश नव्हे. १९६०-६१ साली तेथे भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. हरितक्रांतीनंतर अधिक उत्पन्न देणारे वाण आले, सरकारी खरेदीची हमी मिळाली, खते आणि कूपनलिका आल्या, आणि भाताचे क्षेत्र वाढत वाढत तीस लाख हेक्टरांच्या पुढे गेले. देशाच्या धान्यकोठारात या भाताचा वाटा मोठा आहे, आणि रेशनवरच्या तांदळाच्या रूपाने तो महाराष्ट्रातल्या घरांतही पोहोचला आहे. तेव्हा या प्रश्नाला केवळ पंजाबचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येणार नाही.

भाताला खाचरात पाणी साठवून ठेवावे लागते. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे हे काम बरेचसे पाऊस करतो. पंजाबात पाऊस बेताचा, म्हणून पाणी जमिनीखालून उपसावे लागते. तेथे चौदा लाखांच्या आसपास कूपनलिका आहेत. १९९७ पासून शेतीची वीज शेतकऱ्यांना जवळजवळ मोफतच मिळत आली आहे. वीज फुकट असली, की पंप बंद करण्याचे कारण उरत नाही. पावसाने आणि कालव्यांनी दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते, त्याच्या दीडपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाणी तेथे दरवर्षी उपसले जाते. बँकेत शंभर रुपये भरून दीडशे काढत राहिल्यावर खात्याचे जे होते, तेच पंजाबच्या भूजलाचे झाले.

१० जून ही तारीख कोठून आली?

पाणी वाचवायचे तर काय करावे? सर्वांत सरळ उपाय म्हणजे विजेचे दर लावणे किंवा भात कमी करणे. पण हे दोन्ही राजकीयदृष्ट्या अवघड होते. तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष लावणीच्या तारखेकडे गेले.

येथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. खाचरात भरलेले सगळेच पाणी वाया जात नाही. त्याचा बराच भाग जमिनीत झिरपतो आणि पुन्हा भूजलाला मिळू शकतो. तो उपसायला वीज लागली हे खरे, पण पाणी म्हणून तो त्या प्रदेशातच राहिला. जो भाग वाफ होऊन हवेत जातो तो मात्र त्या भूजलाच्या खात्यातून कायमचा गेला. म्हणजे खरी बचत करायची तर झिरपणे कमी करण्यापेक्षा बाष्पीभवन कमी करणे महत्त्वाचे.

आता पंजाबातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. तापमान चाळीसच्या पुढे, हवा कोरडी, वारा गरम. पाऊस तेथे साधारण जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला पोहोचतो. अशा दिवसांत साठलेल्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला १० मिलिमीटरने उतरली असे धरले, तर एका हेक्टरवरून किती पाणी उडून गेले? एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्याला ०.०१ मीटरने गुणले, की १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. हे एका दिवसाचे, एका हेक्टरचे. लावणी मेच्या मध्यावर केली तर पावसाची पहिली सर येईपर्यंत असे चाळीस-पंचेचाळीस दिवस जातात. लावणी पुढे ढकलली तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते आणि पाऊसही मदतीला येतो.

हे गणित इतके स्वच्छ होते, की त्यावर आधारित नियम करण्यात आला. पंजाब सरकारने २००८ साली वटहुकूम काढला आणि २००९ साली भूजल-संधारणाचा कायदा केला. १० मेपूर्वी भाताचा तरवा टाकायचा नाही आणि १० जूनपूर्वी लावणी करायची नाही, असे त्यात ठरले. जो मोडेल त्याला हेक्टरी दरमहा दहा हजार रुपये दंड. शिवाय वेळेआधी केलेली लावणी त्याच्याच खर्चाने नष्ट करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. हरयाणानेही त्याच वर्षी असाच कायदा करून लावणीसाठी १५ जून ही तारीख ठरवली. पुढे पंजाबातही तारीख काही वर्षे आणखी पुढे सरकली. २०१८ साली ती २० जूनपर्यंत गेली होती.

कायदा कडक होता, तपासायला सोपा होता आणि बहुतांशी पाळला गेला. शेतात रोपे उभी आहेत की नाहीत हे रस्त्यावरूनही दिसते, त्यामुळे लपवाछपवीला फारशी जागा नव्हती. तपासायला सोपा नियम पाळला जातो, ही गोष्ट लक्षात ठेवू या. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पुढे ढकललेले दिवस कोठे गेले?

वर्षाला दिवस ३६५च. सुरुवातीची तारीख पुढे सरकली की शेवटचीही पुढे सरकते. लावणी जूनच्या मध्यावर किंवा नंतर झाली, की कापणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबते. भातामागून त्याच शेतात गहू पेरायचा असतो. गव्हाची चांगली पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत व्हावी लागते. उशीर झाला तर मार्चमधल्या उन्हाळ्याच्या झळा दाणा भरण्याच्या वेळीच लागतात, दाणा बारीक राहतो आणि उतारा घटतो. गव्हाची तारीख कोणत्याही सरकारच्या हाती नव्हती, ती सूर्याने ठरवलेली होती.

म्हणजे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामधल्या मोकळ्या दिवसांची फट अरुंद झाली. आणि त्या फटीत शेतकऱ्यापुढे मोठा ढीग पडलेला असतो. पंजाबात कापणी कम्बाइन हार्वेस्टरने होते. हे यंत्र लोंब्या कापून घेते, धसकटे उभी ठेवते आणि मागे पेंढ्याची रांग टाकते. संपूर्ण राज्यात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन पेंढा निघतो. गव्हांडा जनावरे आवडीने खातात. भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण बरेच असते आणि पौष्टिकता कमी, म्हणून तिकडे त्याला चारा म्हणून फारशी मागणी नाही. तो कापून, गोळा करून, वाहून न्यायला मजूर हवेत, ट्रॅक्टर हवा, डिझेल हवे आणि मुख्य म्हणजे दिवस हवेत. यातले काहीच नसले तर उरते काडेपेटी.

पेंढा जाळण्याची पद्धत कायद्याच्या आधीपासूनच होती, हे स्पष्ट सांगायला हवे. कायद्याने ती निर्माण केली नाही. कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी वेगवेगळ्या शेतांतली लावणी वेगवेगळ्या वेळी होई, म्हणून जाळणेही अनेक आठवड्यांत विखुरलेले असे. आता सगळ्यांची लावणी एकाच तारखेनंतर सुरू झाली, म्हणून सगळ्यांची कापणी आणि जाळणी थोड्याच दिवसांत दाटली. शिवाय ते दिवस ऑक्टोबरकडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याकडे सरकले. २०१९ साली 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या नोंदी तपासून असे दाखवण्यात आले, की भूजल धोरणांमुळे शेतातल्या आगी अरुंद कालावधीत एकवटल्या आणि त्यांची कमाल तीव्रता ३९ टक्क्यांनी वाढली.

छत खाली आलेली खोली

दोन-तीन आठवड्यांचा फरक, त्यात एवढे काय, असे वाटेल. येथे हवेचे विज्ञान पुढे येते.

दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि धूर, धूळ, बाष्प असे सारे एका जाड थरात मिसळून जाते. या थराला मिश्रण-थर म्हणू या. उन्हाळ्यात तो दोन-तीन किलोमीटर उंच असू शकतो. थंडी सुरू झाली की जमीन कमी तापते आणि रात्री लवकर निवते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा त्यामानाने उबदार, अशी उलटी रचना तयार होते. जड थंड हवा खाली बसून राहते. वरची उबदार हवा झाकणासारखी काम करते. वारेही मंदावतात. आणि जे वारे असतात ते बहुधा वायव्येकडून, म्हणजे पंजाब-हरयाणाकडून दिल्लीच्या दिशेने वाहतात.

कल्पना करा, की एका बंद खोलीत एक उदबत्ती लावली आहे. खोलीचे छत निम्म्यावर आणले तर त्याच उदबत्तीच्या धुराची दाटी दुप्पट होईल. एकीऐवजी दोन उदबत्त्या एकदम लावल्या तर ती चौपट होईल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात हेच घडते. छत खाली आलेले असते आणि त्याच वेळी उदबत्त्या एकदम पेटतात. हवेत तरंगणारे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत जातात, आणि लहान मुले, वृद्ध व दम्याचे रुग्ण यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. दिल्लीत अलीकडे अनेक वर्षी नोव्हेंबरात प्राथमिक शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या आहेत. हा धूर पेटवणाऱ्याच्या स्वतःच्या घरातही शिरतो, त्याच्या गावच्या शाळेतली मुलेही तोच श्वासात घेतात, हे मात्र दिल्लीच्या बातम्यांत सहसा येत नाही.

दोष कितपत कायद्याचा?

येथे थोडी सावधगिरी हवी. दिल्लीच्या हवेतला वर्षभराचा मोठा वाटा वाहने, कारखाने, बांधकामांची धूळ आणि चुली-शेकोट्या यांचा असतो. शेतातल्या आगींचा वाटा वर्षभरात लहान, पण नोव्हेंबरातल्या काही दिवशी तो एक तृतीयांशापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. शिवाय कम्बाइन यंत्रांची वाढती संख्या, मजुरांची टंचाई, पुसा-४४ सारखे पेरणीपासून पाच महिने घेणारे वाण, ही कारणेही आहेतच. एका परिणामाला एकच कारण चिकटवणे सोपे असते, पण ते विज्ञान नव्हे. आपल्याला म्हणता येते ते एवढेच, की आधीच ताणलेल्या व्यवस्थेत या कायद्याने वेळेचा शेवटचा मोकळा धागाही ओढून घेतला.

आणि पाण्याचे काय झाले? भूजलाची घसरण थांबली नाही. लावणीची तारीख बदलली तरी फुकट वीज आणि भाताची हमखास खरेदी तशीच राहिली. उपसा वाढवणारी कारणे जागच्या जागी ठेवून नियमाने फक्त वेळापत्रक बदलले होते. पुढे २०२५ साली पंजाब सरकारने १ जूनपासून टप्प्याटप्प्याने लावणीला परवानगी दिली. उशिरा कापलेल्या भातात ओलावा जास्त राहतो आणि बाजारात तो विकायला अडचण येते, असे कारण त्यासाठी देण्यात आले. म्हणजे काटा पुन्हा दुसऱ्या बाजूला सरकला. आता पाण्याचे काय, हा प्रश्न परत उभा आहे.

उपग्रह कधी पाहतो?

धूर वाढल्यावर दुसरा नियम आला. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथे पिकांचे अवशेष जाळण्यास मनाई केली आणि जमिनीच्या प्रमाणात अडीच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत भरपाई ठरवली. २०२४ साली ही रक्कम दुप्पट झाली.

पण आगी मोजायच्या कशा? हजारो गावांत माणसे पाठवणे अशक्य. म्हणून उपग्रहांचा आधार घेतला गेला. ध्रुवीय कक्षेत फिरणारे उपग्रह जमिनीवरचे उष्ण ठिपके टिपतात. त्यांचे चित्र तपशीलवार असते, पण असा उपग्रह एका जागेवरून ठरावीक वेळीच जातो. आगींच्या मोजणीसाठी मुख्यतः वापरले जाणारे उपग्रह आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमारास येतात.

पंजाबातील नोंदलेल्या आगी २०२० च्या हंगामात ८३ हजारांच्या घरात होत्या. २०२४ मध्ये त्या ११ हजारांच्याही खाली आल्या. मोठेच यश! पण हवेतला धूर त्या प्रमाणात कमी झालेला दिसेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी भूस्थिर उपग्रहांच्या नोंदी तपासल्या. हे उपग्रह फार उंचावरून एकाच प्रदेशाकडे सतत पाहत असतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतात. त्यांत असे दिसले, की अनेक आगी आता दुपारी उशिरा, ध्रुवीय उपग्रह निघून गेल्यावर लागत होत्या. जळालेल्या जमिनीचे क्षेत्र घटले होते, पण आगींच्या आकड्याइतके नव्हे.

प्रत्येक शेतकरी घड्याळ पाहूनच काडी ओढत होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दुपारनंतर दव पूर्ण सुकते आणि पेंढा चांगला पेटतो, हेही खरे आहे. पण वर्षागणिक वेळ पुढे सरकत गेली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. यातून मोजमापाविषयीचा एक धडा मिळतो. ज्या आकड्यावर शिक्षा अवलंबून असते, तो आकडा हळूहळू खऱ्या स्थितीपासून सुटा होत जातो. गुणांसाठी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिक्षकांना हे नवीन नाही. शिवाय एक उलटी हानी होते. वाईट बातमी देणारा आकडा चांगला दिसू लागला, की आपण उपाय करणेच थांबवतो. आणि संध्याकाळी लावलेली आग अधिक वाईटही असू शकते, कारण तेव्हा हवेचे छत खाली येऊ लागलेले असते.

मोटारीचा शेवटचा आकडा

असे प्रकार फक्त आपल्याकडेच घडतात असे नाही. मेक्सिको शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट पठारावर वसले आहे, तेथेही धूर कोंडतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये तेथील सरकारने नियम केला, की वाहनाच्या क्रमांकातील शेवटच्या अंकानुसार प्रत्येक मोटार आठवड्यातून एक ठरावीक दिवस रस्त्यावर आणायची नाही. पाचांतला एक दिवस बंद, म्हणजे वाहतूक पाचव्या भागाने कमी, असा हिशेब होता. दंड जबर होता आणि नियम मोठ्या प्रमाणात पाळलाही गेला.

मग लोकांनी काय केले? काहींनी दुसरी मोटार घेतली, वेगळ्या अंकाची. ती बहुधा जुनी, स्वस्त आणि जास्त धूर सोडणारी असे. आणि घरात दुसरी मोटार आली, की ती बंदीच्या एका दिवसापुरती थोडीच राहणार? ती इतर दिवशीही रस्त्यावर येई. अर्थशास्त्रज्ञ ल्युकस डेव्हिस यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवेच्या तासातासाच्या नोंदी तपासल्या. नियमामुळे हवा सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एकूण वाहने मात्र वाढली होती.

दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम क्रमांकांचा प्रयोग पंधरा दिवस झाला. पंधरा दिवसांसाठी कोणी दुसरी मोटार घेत नाही. म्हणजे एकाच नियमाचा परिणाम तो किती काळ चालतो यावरही अवलंबून असतो. थोड्या दिवसांच्या प्रयोगावरून कायमच्या नियमाचे भाकीत करू नये. प्रयोगशाळेतही आपण हेच शिकवतो.

सुतारपक्षी आणि बांबू

तिसरे उदाहरण जंगलाचे. अमेरिकेच्या आग्नेय भागात रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा सुतारपक्षी आहे. तो जिवंत, म्हाताऱ्या पाइन वृक्षांतच ढोली कोरतो. अमेरिकेत १९७३ साली संकटग्रस्त जीवांच्या रक्षणाचा कडक कायदा झाला. खासगी जमिनीवर हा पक्षी राहायला आला, तर आसपासची झाडे तोडण्यावर बंधने येत. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील नोंदींवरून ल्यूक आणि मायकेल या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की पक्ष्यांच्या वस्तीच्या जितके जवळ जावे, तितकी झाडे कमी वयात तोडलेली आढळतात. पाइन म्हातारे झाले तर पक्षी येईल, पक्षी आला तर तोडणी बंद होईल, तेव्हा म्हातारे होऊच द्यायचे नाही, असा जमीनमालकांचा विचार होता. पक्ष्याला वाचवणाऱ्या कायद्याने त्याचे उद्याचे घर कमी केले.

या गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९९५ पासून त्याच राज्यात जमीनमालकांशी करार करण्याची पद्धत सुरू झाली. आज जेवढे पक्षी आहेत तेवढ्यांसाठी अधिवास राखा. तुमच्या चांगल्या व्यवस्थेमुळे पक्षी वाढले, तर त्या वाढीबद्दल नवी बंधने येणार नाहीत, असे त्या कराराचे सार होते. पक्षी येणे ही शिक्षा राहिली नाही. इतर संवर्धन-कामांच्या जोडीने याचाही उपयोग झाला, आणि २०२४ साली या पक्ष्याचा दर्जा 'संकटग्रस्त' वरून एक पायरी सौम्य करण्यात आला.

आपल्याकडच्या बांबूची कथाही याच्या जवळची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात त्याची गणना झाडांत केली होती. त्यामुळे स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडून बाजारात न्यायचा, तरी ठिकठिकाणी परवाने आणि वाहतूक पास लागत. जंगल राखण्यासाठी केलेल्या तरतुदीने शेतातला बांबू लावण्याचीच इच्छा कमी केली. खासगी बांबू वाढला असता तर जंगलातल्या बांबूवरचा ताण हलका झाला असता. वनहक्क कायद्याने २००६ साली बांबूला गौण वनोपज म्हटले, आणि २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार मिळाला. जंगलाबाहेर वाढवलेला बांबू मात्र 'झाड' या व्याख्येतून वगळला जायला २०१७ साल उजाडले. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली!

मग नियम नकोतच का?

असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पेट्रोलमधले शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक होते. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि तो नियम उलटला नाही. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने निर्बंध आणले, आणि तो थर आता हळूहळू सावरतो आहे. हे नियम काही सौम्य नव्हते. मग ते यशस्वी का झाले?

शिसे काढण्याचे काम मोजक्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना करायचे होते. कोट्यवधी वाहनचालकांना आपले वागणे बदलावे लागले नाही. ओझोनच्या बाबतीतही उत्पादक मोजके होते, आणि पर्यायी रसायने मिळत होती किंवा लवकरच मिळाली. याउलट पंजाबात निर्णय घेणारे लाखो शेतकरी होते, प्रत्येकाची अडचण खरी होती, आणि पेंढ्याचे दुसरे काय करायचे याचे स्वस्त उत्तर कोणी हाती दिलेले नव्हते. पेंढा तसाच ठेवून त्यातच गहू पेरणारे 'हॅपी सीडर' हे यंत्र पंजाब कृषी विद्यापीठाच्या सहभागाने विकसित झाले होते. पण यंत्रांवर केंद्राच्या मोठ्या अनुदानाची योजना आली ती २०१८ साली, म्हणजे लावणीच्या कायद्यानंतर नऊ वर्षांनी. लावणीनंतर सुमारे ९३ दिवसांत तयार होणारा पीआर-१२६ हा वाण २०१७ च्या सुमारास आला. यंत्र आणि वाण आधी आणि तारीख नंतर, असा क्रम असता तर पाणी आणि हवा दोन्ही काही प्रमाणात वाचली असती, असे म्हणायला जागा आहे.

तेव्हा नियम तपासताना चार प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. हा नियम पाळण्यासाठी माणसाला नेमके काय बदलावे लागेल? त्याच्यापुढे सर्वांत स्वस्त पळवाट कोणती? आपण जे मोजणार आहोत तेच आपल्याला हवे आहे का? आणि येथून दाबलेला भार कोठे बाहेर पडेल? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. पाणी, हवा आणि शेती ही खाती सरकारात वेगवेगळी असली, तरी शेतात ती एकच असतात.

वर्गासाठी

आठवी-नववीच्या वर्गात हा विषय दोन तासिकांत घेता येईल. पहिल्या तासिकेत एका पसरट ताटलीत पाणी मोजून भरावे आणि ती उन्हात ठेवावी. तशीच दुसरी ताटली सावलीत, ओल्या फडक्याच्या आडोशाने ठेवावी. दोन-तीन तासांनी फरक मोजून, त्यावरून एका हेक्टरवरचे बाष्पीभवन मुलांना काढायला सांगावे. १० जून या तारखेमागचे शास्त्र त्यांना आपोआप कळेल.

दुसऱ्या तासिकेत फळ्यावर वर्षाचे बारा महिने आखावेत. त्यावर भाताची लावणी, भाताची कापणी, गव्हाची पेरणी आणि थंडीतले 'खाली आलेले छत' अशा चार पट्ट्या रंगवाव्यात. मग लावणीची पट्टी तीन आठवडे उजवीकडे सरकवायला सांगून बाकीच्यांचे काय होते ते विचारावे. जागा कोठे अपुरी पडते हे मुले स्वतःच बोट ठेवून दाखवतील.

शेवटी वर्गाच्या गटांनी शाळेतला एखादा नियम घ्यावा. उशिरा येणाऱ्याला दारातच उभे करणे, वही विसरल्यास दंड, डब्यात अमुक पदार्थ नको, असा कोणताही चालेल. त्याला वरचे चार प्रश्न लावून पाहावेत. उशिरा येणारा मुलगा दारात उभे राहण्यापेक्षा त्या दिवशी शाळेतच येत नसेल, तर हजेरीपुस्तकातला 'उशीर' कमी झालेला दिसेल आणि गैरहजेरी वाढेल. मुलांनी हे शोधून काढले, तर त्यांच्यासमोर तो नियम दुरुस्त करायची तयारी शिक्षकांनी ठेवावी. निरीक्षणाने नियम बदलता येतो, हे त्यांनी एकदा शाळेत पाहिलेले असले, की पुढे मोठ्या नियमांकडेही ती त्याच नजरेने पाहतील.